चिठ्ठीतली अगदी थोडी अंडी

मी मॅट्रिक झालो तेव्हा भोरच्या शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, “तुला इंग्रजी येत नाही, पण इंग्रजीचे नियम येतात. तेवढं पुष्कळ आहे.” त्या वेळी मला ते कौतुक वाटलं.

नियम मात्र मला खरोखरच येत होते. मास्तरांनी आमच्याकडून एक वही करून घेतली होती. तिच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूला मोजायच्या वस्तू, उजव्या बाजूला मापायच्या वस्तू. मोजायच्या वस्तूंना ‘मेनी’, मापायच्या वस्तूंना ‘मच’. मागच्या पानावर ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच, आणि ‘अ फ्यू’ म्हणजे आहेत आपली दोन-चार. हे आम्ही पाढ्यांसारखं म्हणत असू. म्हणताना यातला फरक कुणाला कळत होता असं नाही, पण चाल छान बसली होती.

पुढे शिकायची ऐपत नव्हती, म्हणून मी नोकरी धरली. संस्थानच्या एका मराठी शाळेवर माझी नेमणूक झाली. गाव राजगडाच्या पायथ्याशी, पालीच्या अलीकडे. किराणा हवा असेल तर विंझरला जायचं आणि कचेरीचं काम असेल तर वेल्ह्याला. शाळा मारुतीच्या देवळाला लागून एका खोलीत भरे. चार इयत्ता, एक फळा आणि मी. इंग्रजी तिथं शिकवायचंच नव्हतं. माझी वही ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

गावात मला इंग्रजी येतं ही बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यामुळे पहिल्याच पंधरवड्यात पाटलांचं बोलावणं आलं.

पाटील पन्नाशीचे, अंगानं काटक, बोलायला हळू. कुठलाही प्रश्न विचारायच्या आधी ते समोरच्याला बसायला सांगत, बसलेल्या माणसाचं उत्तर खरं असतं अशी त्यांची समजूत होती. मला ओसरीवर घोंगड्यावर बसवून ते म्हणाले, “मास्तर, मला इंग्रजी शिकायची हाय.”

मी विचारलं, “कशासाठी?”

तेव्हा सगळं कळलं. दर वर्षी थंडीच्या दिवसांत पुण्याच्या छावणीतले दोन-चार साहेब राजगड चढायला येत. त्यांचं सामान वर न्यायला माणसं, जळण, दूध, अंडी, कोंबडी ही व्यवस्था पाटलांकडे असे. इतकी वर्षं साहेबांशी बोलायला गावात एक पलटणीतले पेन्शनर आजोबा होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे मोठा आवाज आणि एक सलाम, पण त्यावर काम भागत होतं. ते आजोबा गेल्या उन्हाळ्यात वारले होते.

“मला सगळी इंग्रजी नगं,” पाटील म्हणाले. “काय पायजे ते मला दिसतंय. सायेब कोंबडीकडं बोट दावतो, म्या समजतो कोंबडी. पर किती पायजे त्ये बोटानं कळत न्हाई. तुमी मला नुसतं ‘किती’ शिकवा.”

मला आनंद झाला. सगळं इंग्रजी शिकवणं मला जमलं नसतं. पण ‘किती’ या एका विषयावर माझ्याकडे अख्खी वही होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेच्या आधी पाटलांच्या ओसरीवर शिकवणी सुरू झाली. पाटलीणबाई आतल्या दाराशी बसून तांदूळ निवडत किंवा ताक करत असत. त्यांना शिकायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं.

मी विचारलं, “पाटील, अंडी आपण मोजतो का मापतो?”

“मोजतो.”

“म्हणजे मेनी. दूध?”

“मापतो. शेरानं.”

“म्हणजे मच. तांदूळ?”

“पायलीनं मापतो.”

“मच. आंबे?”

“शेकड्यानं. म्हंजे मेनी.”

पाटलांची प्रगती पाहून मी थक्क झालो. आम्हाला एवढ्याला एक सहामाही लागली होती. खूष होऊन मी विचारलं, “करवंदं?”

पाटील म्हणाले, “करवंदं कोन मोजतंय? पाटीनं मापत्यात.”

“नाही, करवंदं मेनी.”

“का?”

“एकेक सुटं असतं म्हणून.”

पाटलांनी मान वळवून पाटलीणबाईंच्या सुपाकडे पाहिलं. “मग तांदूळ बी सुटाच हाय की. चिकटलाय व्हय?”

मी म्हणालो, “इंग्रज लोक मऊ भात खात असतील.” हे मी त्या क्षणी रचलं होतं. पण पाटलांना पटलं, आणि मलाही त्यानंतर बरीच वर्षं ते खरं वाटत राहिलं.

दोन दिवसांनी पैशाचा प्रश्न आला. मी सांगितलं की पैसा मच. दारातून पाटलीणबाईंनी विचारलं, “सायेब पैका मोजत न्हाई?”

“मोजतात.”

“मग?”

“मोजतात, पण मच म्हणतात.”

“लई आसल म्हून मापत आसल,” त्या म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.

खरी अडचण ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’पाशी आली. मी तीन सकाळी त्यावर घालवल्या. आमच्या मास्तरांची चाल लावून म्हणून दाखवली. पाटलांनी ती सुरात म्हटली, पण अर्थ विचारला की ते म्हणत, “दोन्ही थोडंच की वो.” मी म्हणे, “थोडंच, पण निराळं थोडं.” ते म्हणत, “थोड्यात आनि निराळं काय आसतंय?” मला सांगता येत नव्हतं, कारण खरं म्हणजे मलाही कळलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पाटलीणबाई ताकाची रवी बाजूला ठेवून बाहेर आल्या.

“काल पावनं आलं,” त्या म्हणाल्या. “म्या सुनंला इचारलं, टोपल्यात भाकरी हायती का. ती म्हनाली, हायती थोड्या. म्या निवांत बसले. ती आसं म्हनाली आस्ती की थोड्याच हायती, तर म्या उठून पीठ काढलं आस्तं. तुमी हेच सांगताय नव्हं?”

मी हेच सांगत होतो. म्हणजे गेली सहा वर्षं मी हेच पाठ म्हणत होतो आणि ते एका ‘च’वर सुटलं. थोड्या हायती, अ फ्यू. थोड्याच हायती, फ्यू. नंतर खोलीवर जाऊन मी ट्रंक उघडली आणि वहीत ते लिहून ठेवलं. पाटलीणबाईंना हे बोलून दाखवायला हवं होतं, पण मी मास्तर होतो आणि एकवीस वर्षांचा होतो. मी नुसतं म्हणालो, “हो, साधारण तसंच.”

त्या दिवसापासून माझा आत्मविश्वास फार वाढला. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

भाताची मळणी चालू असताना वेल्ह्याच्या कचेरीतला शिपाई एक चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी साहेबाची, इंग्रजीत. पाटलांनी ती न उघडता माझ्याकडे आणली. शाळा चालू होती, तरी मी मुलांना पाढे म्हणायला सांगून बाहेर आलो. पाटलांच्या मागोमाग पाटलीणबाईही आल्या होत्या.

चिठ्ठी चार ओळींची होती. अक्षर नीट होतं आणि जवळजवळ सगळे शब्द मला येत होते. पुढच्या रविवारी येतो. या खेपेला आम्ही ‘क्वाइट अ फ्यू’ आहोत, म्हणून अंडीही ‘क्वाइट अ फ्यू’ लागतील. दूध चहापुरतं. आभार.

मी पाटलांना बसायला सांगितलं. त्यांच्याकडूनच ही सवय मी उचलली होती.

“‘अ फ्यू’ तुम्हाला माहीत आहे,” मी म्हणालो. “थोडे. आता ‘क्वाइट’ म्हणजे अगदी. क्वाइट राइट म्हणजे अगदी बरोबर. तेव्हा ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे काय?”

पाटलांनी विचार केला. “अगदी थोडं.”

“बरोबर. म्हणजे साहेब लिहितात, या खेपेला आम्ही अगदी थोडे आहोत, म्हणून अंडीही अगदी थोडी लागतील.”

अर्थ इतका सरळ बसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. माणसं थोडी, म्हणून अंडी थोडी. त्यात ‘म्हणून’सुद्धा जागच्या जागी होतं.

“औंदा घटलं म्हनायचं,” पाटील म्हणाले. “अगदी थोडं म्हंजे किती धरू?”

“दोन साहेब. माणशी दोन अंडी, चार. वाटेत एखादं फुटलं तर म्हणून पाच.”

पाटलीणबाई म्हणाल्या, “पाच अंड्यांसाटी मानूस पुन्याहून चिठ्ठी धाडतोय?”

“इंग्रज लोक काटेकोर असतात,” मी म्हणालो.

“तुमी त्ये अगदी-बिगदी नीट बगितलं का?”

“बाई, व्याकरण आहे ते. त्यात बघायचं काय?”

त्या गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला पुढे कळायला लागला, पण त्या वर्षी अजून कळत नव्हता.

पाटलांनी चिठ्ठीप्रमाणे व्यवस्था केली. सामान वाहायला दर वर्षी दहा गडी थांबवून ठेवत, त्यातले आठ मळणीला सोडून दिले. देवळाच्या पडवीत दोन माणसं टेकतील एवढा कोपरा सारवून घेतला. एका नव्या मडक्यात पाच अंडी कोंड्यात ठेवली. माझ्या सूचनेवरून मडक्यावर फडकं बांधलं.

रविवारी सकाळी मी धुतलेलं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून पाटलांबरोबर शिवेवर उभा राहिलो. थोड्या वेळानं समोरच्या टेपाडावर एक टोपी दिसली. तिच्या मागं दुसरी.

“आलं की दोन,” पाटील म्हणाले. समाधानानं त्यांनी पागोटं नीट केलं.

मग तिसरी टोपी आली.

“ह्यो कोन?”

“नोकर असेल,” मी म्हणालो.

चौथी आणि पाचवी बरोबरच आली. सहावी एका मडमेची होती. तिच्यावर फीत होती, त्यामुळे ती नोकराची आहे असं म्हणता येईना. टेपाडावरून टोप्या खाली उतरत राहिल्या. मी मोजायचं थांबवलं, पाटलांनी थांबवलं नाही. शेवटी डोक्यावर पेटी घेतलेला एक खानसामा आला आणि टेपाड रिकामं झालं.

“चौदा,” पाटील म्हणाले. “खानसाम्याबिगर.” ते माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, “मास्तर, ह्ये अगदी थोडं म्हनायचं का?”

मला वाटतं मी चिठ्ठी काढून पुन्हा वाचली.

पाटलीणबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पाटलांना खळ्याकडे गडी बोलवायला पाठवलं, सुनेला भाकरीचं पीठ काढायला सांगितलं आणि स्वतः दुधासाठी वरच्या धनगरवाड्याकडे निघाल्या. जाताना एक वेताची पाटी माझ्या हातात दिली.

“तुमी अंडी आना.”

“मी?”

“चिठ्ठी तुमी वाचली नव्हं?”

आता हे सांगितलं पाहिजे की आमच्या घरी अंडं हा शब्दही मोठ्यानं उच्चारत नसत. मी आयुष्यात अंड्याला हात लावलेला नव्हता. ते गार असतं का गरम हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि मी धुतलेल्या धोतरावर काळा कोट घालून, हातात पाटी घेऊन दारोदार अंडी मागायला निघालो. भोरचं कुणी या बाजूला आलेलं नसू दे, एवढंच मनात म्हणत होतो.

पहिल्या घरात एक म्हाताऱ्या बाई होत्या. मी अंडी आहेत का म्हणून विचारलं. त्यांनी आधी माझा कोट पाहिला, मग पाटी.

“मास्तर, तुमी अंडं खाता?”

“मी नाही हो आजी, साहेब खातात.”

“समदी आसंच म्हनत्यात,” त्या म्हणाल्या आणि आतून दोन अंडी आणून दिली. “कुनाला सांगत न्हाई म्या.”

मी तिसऱ्या घरी पोचेपर्यंत गावभर झालं होतं. दारं माझ्या आधीच उघडत होती. एका घरात बाई म्हणाल्या, “हायती थोडी,” तसा मी पाटी टेकून उभा राहिलो. तीन मिळाली. पुढच्या घरात बाई म्हणाल्या, “थोडीच हायती वो,” आणि मी न बोलता पुढं निघालो. चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला कुणी जा म्हटलेलं नव्हतं. नियम आठवावा लागला नाही, चालही म्हणावी लागली नाही. पाय आपोआप वळले होते.

टोकाच्या घरात अंडी नव्हतीच. पण तिथल्या बाईंना माझी दया आली. त्यांनी कोपऱ्यातली डालपाटी उचलली. आत एक कोंबडी पिसं फुलवून बसली होती. “हिच्याखालची न्या,” त्या म्हणाल्या. मी कोंबडीला ‘सरक’ म्हणालो. ती सरकली नाही. मी हात घातला तेव्हा तिनं माझ्या मनगटाला जी चोच मारली तिची खूण पुढे आठवडाभर मुलांना दिसत होती आणि ती त्याचं कारण विचारत होती. अंडी गरम असतात असं मला त्या दिवशी वाटलं. तशी ती फक्त तिथलीच होती.

पाटलांकडची मडक्यातली पाचही पाटीत घालून एकतीस अंडी घेऊन मी देवळापाशी परत आलो. साहेब मंडळी पडवीत, पायऱ्यांवर, पिंपळाच्या पारावर जिथं जागा मिळेल तिथं टेकली होती. दोघंजण त्या सारवलेल्या कोपऱ्यात बसले होते. खानसाम्यानं पाटी घेतली, एका बादलीत पाणी भरलं आणि एकेक अंडं त्यात सोडायला लागला. काही तळाशी जाऊन आडवी झाली. काही उभी राहिली, काही तर बदकासारखी तरंगली. तरंगलेली तो बाहेर काढून माझ्यापुढं मांडत होता. त्याचं तोंड असं होतं की जणू ती मीच घातली आहेत. एक अंडं त्यानं कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आतून बारीक आवाज येत होता. इतक्यात टोकाच्या घरातल्या बाई धावत आल्या आणि ते अंडं पदराखाली घालून घेऊन गेल्या.

बावीस उरली. चौदा माणसांना बावीस अंडी. खानसाम्यानं ती सगळी एकाच पातेल्यात फोडून घोटली, म्हणजे कुणाला किती आलं हा प्रश्न राहिला नाही. पाटलीणबाई धनगरवाड्यावरून दुधाची कासंडी घेऊन आल्या. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, पावट्याची आमटी झाली. मडमेनं आमटी तीनदा घेतली. पाटलांनी खळ्यावरून ते आठ गडी परत आणले होते, त्यांच्या डोक्यावरून सामान वर गेलं, आणि मंडळी गड चढायला लागली. मी देवळाच्या पायरीवर बसलो. शाळेला रविवारची सुटी होती याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळच्या आत मंडळी खाली आली. त्यातला मुख्य साहेब उंच होता, आणि उन्हानं त्याचं नाक सोललं होतं. तो पाटलांचे आभार मानायला पुढं आला. पाटलांनी बहुतेक दिवसभर वाक्य जुळवलं असावं. त्यांनी हात जोडले आणि सावकाश म्हणाले,

“सर. मच पीपल. फ्यू एग्ज.”

साहेब अगदी सभ्यपणे म्हणाला, “मेनी पीपल.”

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “पाटील, माणसं मोजायची असतात. मेनी.”

“दोन आली आस्ती तर मोजली आस्ती,” पाटील म्हणाले. “येवडी आल्यावर मापायचीच.”

साहेबानं मला विचारलं, हे काय म्हणतात. मी जसं जमेल तसं सांगितलं. साहेब आधी हसला नाही, मग मागं वळून त्यानं ते मडमेला सांगितलं, आणि मग सगळेच हसत सुटले. त्या हसण्यामुळे मला धीर आला. मी खिशातून चिठ्ठी काढली, दोन्ही जागी बोट ठेवलं, आणि माझ्या वहीतल्या इंग्रजीत विचारलं की याचा अर्थ काय.

साहेब म्हणाला, “बरेच. पुष्कळच म्हणा ना.”

मी विचारलं, “सर, अ फ्यू म्हणजे थोडे?”

“हो.”

“क्वाइट म्हणजे अगदी?”

“हो.”

“मग अगदी थोडे म्हणजे पुष्कळ कसे?”

साहेबानं चिठ्ठी हातात घेतली आणि जणू ती दुसऱ्या कुणी लिहिली आहे अशी वाचली. त्यानं शेजारच्या साहेबाला विचारलं. त्यानं तिसऱ्याला. थोड्या वेळात पारावर चौदा इंग्रज एकमेकांशी वाद घालत होते आणि मी मधे चिठ्ठी घेऊन उभा होतो. शेवटी मुख्य साहेब माझ्याकडे वळला. “का ते सांगता येत नाही,” तो म्हणाला. “आमच्यात असंच म्हणतात.”

मी ते पाटलांना सांगितलं. मला वाटलं ते आता चिडतील. पण त्यांच्या आधी पाटलीणबाईच बोलल्या.

“मग त्येंचं बरूबर हाय. आपल्यात बांगडी फुटली तर फुटली म्हनतो का? वाढली म्हनतो. दिवा इझला तर वाढला म्हनतो. मानूस घरातनं जाताना म्हनतो, येतो. आता ह्ये त्या सायबाला कोन सांगनार?”

कुणी सांगितलं नाही. त्यासाठी लागणारं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.

नाताळाच्या सुटीत मी भोरला गेलो. घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायच्या आत आई म्हणाली, “आधी मागच्या दारानं जाऊन आंघोळ कर.” बातमी तिच्यापर्यंत कोण घेऊन गेलं हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आंघोळ झाल्यावर मी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा लावून व्याकरणाचं जाडं पुस्तक काढलं, मागची सूची पाहिली, पुढची पानं चाळली.

“हा प्रयोग व्याकरणात नाही,” ते म्हणाले.

“पण सर, साहेबानं स्वतः लिहिलाय.”

त्यांनी पुस्तक मिटलं. “हल्ली साहेबांचंही इंग्रजी बिघडत चाललंय,” ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, म्हणून मी नमस्कार करून निघालो.

सुटी संपवून परत आलो तेव्हा मला वाटलं होतं की पाटील आता शिकवणीचं नाव काढणार नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. त्यांनी मला बसायला सांगितलं.

“मास्तर, थोडं-लई ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “त्यात त्येंचं बी एकमत न्हाई. मला आकडं शिकवा. आकड्यात काय अगदी-बिगदी नसतंय.”

इतकी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला वाटतं, आकडे कुणालाही शिकवता आले असते, म्हणूनच सुचली नाही.

त्या उन्हाळ्यात पाटील पन्नासपर्यंत आकडे शिकले. फक्त सोळा त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. फिफ्टीनवरून ते नेमानं सेव्हन्टीनवर जात. मी पुष्कळ खटपट केली आणि सोडून दिली. पुढच्या थंडीच्या आधी मी पाटलांच्या वतीनं साहेबाला एक पत्र लिहिलं. त्यात एकच मागणी होती की किती माणसं आणि किती अंडी ते कृपा करून आकड्यात कळवावं. उत्तर आलं. माणसं अकरा, अंडी तेहतीस. मी लिहिलेल्या इंग्रजी पत्राला आलेलं ते पहिलं उत्तर. ते मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी अकराच टोप्या उतरल्या. पाटलांनी घरी इंग्रजीतच मोजून भरलेली पाटी साहेबापुढं ठेवली, शेजारी एक रिकामी पाटी ठेवली, आणि एकेक अंडं उचलून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. वन. टू. थ्री. त्यांना घाई नव्हती. साहेबानं टोपी काढून हातात घेतली आणि तो मोजणी संपेपर्यंत तसाच उभा राहिला. फिफ्टीननंतर सेव्हन्टीन आलं तेव्हा खानसाम्यानं तोंड उघडलं, पण साहेबानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प बसला. थर्टी थ्री झालं. पाटलांनी हात झाडले.

पाटलीणबाई ओसरीच्या खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी त्यांच्या मनात मराठीतून मोजलं असणार. त्या घरात गेल्या, एक अंडं घेऊन आल्या आणि पाटीत ठेवलं.

“ह्ये कशाचं?” पाटलांनी विचारलं.

“सोळावं,” त्या म्हणाल्या.